तर्री काढून

खाद्याचं पोतं सतराशे पंचवीसवर गेलं
तवा मी दुकानदाराला नुसतं "बरं" म्हटलो
आणि मोकळी सायकल ढकलत उचगावच्या माळावर आलो.
शेडात बावीस तोंडं.
पोतं दीड दिवसात गार.
भाव त्यास्नी कळत न्हाई, वेळ तेवढी कळती.

पहिल्यांदा गेलो मिसळीच्या हॉटेलात, मागल्या दारानं.
दोन बॅरल उष्टं मिळालं. पाव, फरसाण, भिजलेला कांदा,
वर चार बोटं लालभडक तर्री.
त्या रात्री बावीसच्या बावीस पाण्याच्या टाकीवर.
थोरली मादी माझ्याकडं अशी बघाय लागली
जशी माझी सासू बघितलेली
माझ्या पहिल्या कालवणाकडं.

मग शिकलो.
तर्री रातभर गार होऊ द्यायची,
सकाळी झाऱ्यानं साय काढल्यागत काढायची.
मीठ दोन पाण्यानं धुवायचं.
मग चुलीवर तासभर, रटारटा.
"कच्चं घालशील तर एका आजारात शेड रिकामं,"
शिरगुप्पे डॉक्टर म्हणाले, आणि नाकाला रुमाल न लावता
आत आले. तेवढ्यानंच मी त्यांचं ऐकलो.

नुसत्या पावानं पोट भरतंय, अंग भरत न्हाई.
सोयाबीनची पेंड लागतीच, थोडी का होईना.
जलपर्णीचं मात्र फुकट.
नदीनं अंगावर पांघरलेली ती हिरवी गोधडी
मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ओढतो,
मुळं तोडतो, बारीक चिरतो, शिजवतो.
पुलावरनं लोक विचारत्यात, "मावशी, काय गावलं?"
"भाजी," म्हणतो.

पौषात गुऱ्हाळ.
भूपालअण्णा कायलीवरची मळी माझ्या डब्यात ओततात.
ते जैन. माझ्या जनावराचं नाव
त्यांच्या तोंडात कधी आलं न्हाई.
"तुमची लेकरं काय म्हणत्यात?" असं विचारतात.
"गोड मागत्यात," मी म्हणतो.
दोघंबी दुसरीकडं बघून हसतो.

आता शहर मला बॅरलातनं कळतंय.
सोमवारचं जड असतंय, हाडं वेचून काढावी लागत्यात.
श्रावणात साबुदाणा, नुस्ता साबुदाणा.
तालमीमागं बदामाची सालं सापडली
की समजायचं, मैदान जवळ आलंय.
कुठल्या लग्नात भात करपला,
कुठल्या घरची माणसं न जेवता उठली,
हे वरातीच्या आधी मला ठावं.
सांगत न्हाई कुणाला.

भाग्यश्री नववीत हाय.
रद्दीवाल्याच्या काट्यावर ती पिल्लं तोलती,
एकेक कान धरून, शिव्या न देता.
वहीत लिहिती: पोत्यावर दिसाला चारशे ग्रॅम,
उकडलेल्यावर तीनशे सत्तर.
"आई, तीस ग्रॅम कुठं गेलं?"
मी म्हटलं, नदीत बघ.
तिला ते पटलं न्हाई. परत तोललं. परत तीनशे सत्तर.
खाली लाल पेनानं खर्च लिहिला, निम्म्याहून कमी,
आणि लाल रेघ दोनदा ओढली.
वर्गात त्या वहीला तिनं
दुसऱ्याच विषयाचं कव्हर घातलंय.
ते मी बघितलो. बोललो न्हाई.

परवा कार्यालयात बॅरल न्यायला गेलो.
पंगती उठलेल्या. आचारी म्हणाला,
"तायव्वा, रोज उरलेलं नेतीस,
आज ताट घेऊन बस."
स्टीलचं ताट. वाटीत पांढरा रस्सा, वाफ येणारा.
कोपऱ्यात बसलो. पहिला घास घेतला.
आणि माझ्या तोंडातनं आपसूक निघालं,
"मीठ जास्त हाय. धुवाय पायजे."

आचारी बघतच राहिला.
मी वाटी तोंडाला लावली,
तर्री न काढता.